लाइटवाली जुनी कीचेन दुरुस्त करताय? या चुका टाळा

जुन्या बाजारातून आणलेली कीचेन पेटत नाही म्हणजे ती कामातून गेली असं नाही. बहुतेक वेळा एलईडी ठणठणीत असतो, बिघाड सेलला टेकणाऱ्या एखाद्या काळ्या पडलेल्या धातूच्या पत्तीत असतो. पण नव्या हौशी मंडळींना दम निघत नाही. वीस-पंचवीस वर्षं टिकलेली वस्तू मग एका संध्याकाळी संपते.

सगळ्यात जास्त राग येतो तो नऊ व्होल्टच्या बॅटरीचा. या खेळण्यांत बहुधा एलईडीच्या वाटेत करंटला आवर घालणारा रेझिस्टर नसतोच. इवलासा बटण सेल फार करंट देऊ शकत नाही, त्याचा स्वतःचा अंतर्गत रोधच एलईडीला सांभाळतो. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट पुरतात. तिथे नऊ व्होल्ट थेट लावले की खेळ खलास.

ओळखीतल्या एका मुलाला रविवारी जुन्या बाजारात लाल डोळ्यांचा छोटा रोबो मिळाला. रंग शाबूत, पाठीवरचं बटणही मूळचं. ‘सेल कुठे शोधत बसू, काका?’ म्हणत त्याने दोन वायरींनी नऊ व्होल्ट लावले. डोळे एकदा लख्ख पेटले आणि गेले. मी उघडून पाहिलं तर सेलखालच्या पत्तीवर हिरवट थर होता; खोडरबराने घासला असता तर दोन मिनिटांत निघाला असता. मग नवे डोळे शोधत पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली पालथी घातली. तीन मिलिमीटरचे, अंगानेच लाल आणि धुरकट असलेले एलईडी हवे होते. हल्लीचे पारदर्शक, झगझगीत एलईडी दुकानोदुकानी मिळतात, पण ते लावले की जुन्या खेळण्याचं रूपच जातं.

म्हणून मी आधी पत्त्या पुसतो, मग नवा सेल घालतो आणि तरीही अंधार असेल तरच मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचं मीटर, डायोडच्या खुणेवर ठेवून एलईडी तपासतो. लाल एलईडी त्यावर मंद पेटतो. निळ्या-पांढऱ्याला तीनेक व्होल्ट लागतात, साधं मीटर तेवढे देईलच असं नाही. तो पेटला नाही म्हणून लगेच कापून काढू नका.

दुसरी चूक गळलेल्या सेलची. पांढरा खार दिसला की लोक खाण्याचा सोडा लावतात, कारण ‘बॅटरीतलं ॲसिड’ डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एलआर४४, एलआर४१ हे बटण सेल अल्कलाइन असतात. त्यांतून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर हवं. कानकोरण्याच्या कापसावर थेंबभर घेऊन पुसा, मग ओल्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर मात्र नको. पत्तीवरचा निकेलचा मुलामा निघाला की पुण्याच्या एका पावसाळ्यात ती पुन्हा गंजते.

नेलपॉलिश रिमूव्हरने डाग काढायला जाऊ नका, त्यातल्या ॲसिटोनने प्लास्टिक वितळतं. पारदर्शक भागाजवळ इन्स्टंट गोंद वापरलात तर त्याच्या वाफेचा पांढरा धूसरपणा बसतो. बटण सेलला थेट सोल्डर करणं म्हणजे तो फुटण्याला आमंत्रण. तीन सेलच्या कीचेनमध्ये एक जरी उलटा बसला तरी काही पेटत नाही, हे आधी बघा.

खरेदीतही घाई नडते. ‘ऐंशीच्या दशकातली’ म्हणून विकायला ठेवलेल्या कीचेनमध्ये झगझगीत निळा किंवा पांढरा एलईडी दिसला तर एक तर ती नंतरची आहे किंवा दिवा बदललेला आहे. प्रखर निळे एलईडी १९९३ मध्ये बाजारात आले, पांढरे त्याहीनंतर. जास्त पैसे मोजण्याआधी ती एकदा पेटवून बघा.

ठेवून देताना सेल काढा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तोच खार. आणि घरात लहान मूल असेल तर सेलचं झाकण चिकटपट्टीवर सोडू नका. सीआर२०३२सारखा मोठा लिथियम सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. झाकणाचा मूळ स्क्रू हरवला असेल तर कीचेन घेऊनच घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे जा, त्याच्या डबीत त्या मापाचा बहुधा सापडतो.