बाकी म्हणजे काय, हे चिंचोक्यांवर शिकवा

नातवाला भागाकार शिकवायला बसले की मी पाटी नंतर काढते, आधी चिंचोके. २३ मोजून घ्यायचे आणि चार वाट्यांत एकेक टाकत जायचं. पाच फेऱ्या होतात, हातात तीन उरतात. चौथ्या वाटीला मिळणार नाही, म्हणून सहावी फेरी सुरूच करायची नाही. हातातले तीन ही बाकी, आणि वाटीतले पाच हा भागाकार.

मग पाटी. चारचा पाढा म्हणायचा: चार पाचे वीस, चार सक चोवीस. चोवीस तेवीसच्या पुढे गेले, म्हणून विसावर थांबायचं. २३ मधून २० गेले, बाकी ३.

मुलं इथे हमखास चुकतात: चार चोक सोळावरच थांबतात आणि बाकी ७ लिहितात. रागावू नका, सात चिंचोके हातात द्या. अजून एक फेरी होते हे त्यांना स्वतःलाच दिसतं. बाकी भाजकापेक्षा लहानच हवी. ताळा करायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा: ४ गुणिले ५, अधिक ३, आले २३.

बाकी कामाची असते, हे दाखवायला मी कालनिर्णय उतरवते. ३६५ ला ७ ने भागलं की बाकी १, म्हणून २०२५ चा १५ ऑगस्ट शुक्रवारी आणि २०२६ चा शनिवारी. मधे २९ फेब्रुवारी आला की दिवस ३६६, बाकी २: २०२३ ला मंगळवार होता, २०२४ ला थेट गुरुवार. आता त्याला स्वतःच्या वाढदिवसाचा वार काढू द्या.