गल्लीची कामं करणाऱ्या आईवर लिहायचं असेल तर

सगळ्यात आधी एक रुक्ष वाटेल अशी गोष्ट सांगते: आईचा मोबाइल नंबर घाईनं बंद करू नका. घरातलं माणूस गेलं की बिलं, खाती, कार्डं बंद करण्याचा सपाटा सुरू होतो, आणि त्यात नंबरही जातो. वर्षानुवर्षं गल्लीची कामं केलेल्या बाईच्या फोनमध्ये अर्धी गल्ली असते. फुटलेल्या पाइपचे फोटो, ‘ताई, आज पण दिवे नाहीत’ असे निरोप, आणि तिनं स्वतः पाठवलेले लांबलचक व्हॉइस मेसेज. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं गेलं नाही तर ते साधारणपणे काढून टाकलं जातं, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तेव्हा आधी महत्त्वाचे चॅट फोटो-आवाजासकट एक्स्पोर्ट करा. तिच्या आवाजाच्या फायली वेगळ्या काढून त्यांना तारीख आणि विषय अशी नावं द्या. मग नंबरचं काय ते ठरवा.

आता कागद. माझी सगळी नोकरी दप्तरखान्यात झाली, त्यामुळे इथे मी जरा जास्त बोलणार.

तिचं कपाट किंवा पिशवी उघडलीत की लगेच वर्गवारी सुरू करू नका. अर्ज इकडे, फोटो तिकडे, घरचं वेगळं, बाहेरचं वेगळं असं करायला हात शिवशिवतात, आवरा. कागद ज्या क्रमानं सापडले तो क्रम हीसुद्धा माहितीच असते. आधी जसंच्या तसं फोटो काढून ठेवा, गठ्ठ्यांना पेन्सिलीनं क्रमांक द्या. माझ्या आईच्या पिशवीत पथदिव्याच्या अर्जाला चिकटूनच भावाचं लसीकरणाचं कार्ड होतं. म्हणजे लस टोचून परत येताना ती कचेरीत डोकावली असणार, किंवा जाताना. दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलींत गेले असते तर ही गोष्ट कुणाला कधी कळली नसती. आई म्हणून ती कशी होती आणि कार्यकर्ती म्हणून कशी होती, असे दोन भाग आपण लिहिताना पाडतो; तिच्या पिशवीत ते पडलेले नसतात.

क्रम नोंदवून झाला की टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि रबरं काढून टाका. पिना गंजतात, रबर वितळून कागदाला धरतं. फाटलेल्या कागदाला साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि डाग जात नाही. सगळ्यात घाई करायची ती मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत पावत्यांची. त्या उष्णतेवर छापलेल्या असतात, त्यामुळे उजेडात आणि उन्हात अक्षरं उडतात. आजच त्यांचे फोटो काढा. वर्तमानपत्राची कात्रणं फोटोंना लागून ठेवू नका. तो कागद स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही डागाळतो. स्कॅन करताना अर्ज-पत्रांना ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) पुरे, जुन्या छोट्या फोटोंना ६०० ठेवा. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या घरात.

मग एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: तारीख, तिनं काय मागितलं, पुढे काय झालं. तिसरा रकाना बराच रिकामा राहील. राहू द्या. एकाच उघड्या चेंबरसाठी पुन्हा पुन्हा दिलेले अर्ज एकाखाली एक लिहिले की चिकाटी हा शब्द लिहावा लागत नाही. पोहोच दिल्याचा शिक्का, त्यावरची कुणाची तरी सही, मार्जिनमध्ये तिच्या अक्षरात ‘सोमवारी बोलावलंय’, हे नीट उतरवून घ्या. तारीख नसलेल्या फोटोंची तारीख फोटोत मागे दिसणाऱ्या गोष्टींवरून लावता येते: खांब आहे का, भिंत रंगवलेली आहे का, झाड केवढं आहे.

माणसांशी बोलायचं तर एकेकट्याशी बोला. सगळ्यांना एका खोलीत जमवून आठवणी सांगायला लावल्या की पहिला जे बोलतो त्याच वाटेनं बाकीचे जातात. मानसशास्त्रातल्या प्रयोगांतही हे दिसलंय: तेवढीच माणसं वेगवेगळी बसून जितकं आठवतात त्यापेक्षा गटात बसून कमी आठवतात. एकत्र बसणं नंतर आहेच, त्याचा उपयोग तपशील ताडून पाहायला होतो.

आणि फक्त तिची वाहवा करणाऱ्यांकडे जाऊ नका. कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसाला शोधा, तो आता निवृत्त झाला असेल. जिच्याशी गाडी लावण्यावरून वाद झाले त्या काकूंनाही भेटा. माझ्या बाबतीत सगळ्यांत कामाचा तपशील अशा भांडलेल्या शेजारणीनंच दिला. ‘तुझी आई माझ्याशी बोलायची नाही, पण माझ्या दारासमोरचा दिवा गेला की तक्रार तिच्याच नावानं जायची.’ ‘आई कशी होती?’ असं विचारलंत तर ‘फार चांगली’ एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: ती पहिल्यांदा तुमच्या दारात कशासाठी आली? हातात काय होतं? नाही म्हटल्यावर काय करायची? कुणाला घाबरायची? तिचं कुठलं काम तुम्हाला पटलं नाही? आणि गप्प बसायला शिका. प्रश्न विचारून झाल्यावर आपणच उत्तर पुरवायची खोड बहुतेकांना असते.

इथे एक सावधगिरी. अशा बाईच्या वहीत दुसऱ्यांचीही गुपितं असतात. कुणाची फी थकली होती, कुणाला रात्री घरातून बाहेर काढलं होतं, कोण कुणाकडून पैसे घेऊन बसलं होतं. ती माणसं तिच्याकडे विश्वासानं आली होती, तुमच्या लेखासाठी नाही. नाव बदललं तरी गल्लीला कळतंच. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारा. तो नाही म्हणाला किंवा सापडला नाही, तर ते पान वहीतच राहू द्या.

प्रत्यक्ष लिहायला बसलात की पहिला खर्डा भरभर लिहा आणि मग लाल पेन घेऊन विशेषणं खोडा. प्रेमळ, निःस्वार्थी, कष्टाळू, हसतमुख: हे शब्द कुठल्याही आईच्या फोटोखाली चालतात, म्हणून तुमच्या आईच्या फोटोखाली चालत नाहीत. ‘समाजकार्याला वाहून घेतलेल्या’ हे तर सरळ काढाच. त्या जागी एक क्रियापद शोधा. ‘पावसाआधी ती काठी घेऊन प्रत्येक गटाराची खोली मोजायची आणि आकडे खडूनं कठड्यावर लिहायची’ असं वाक्य वाचलं की वाचणाऱ्याला काठी दिसते, खडू दिसतो, बाई दिसते.

तिच्या कामाची घरानं काय किंमत मोजली तेही लिहा. यावर घरात मतभेद होतील, आमच्याकडे झाले. भाऊ म्हणाला, असं कशाला? पण आम्ही गृहपाठ कचेरीच्या बाकावर केला, तिचा नंबर लागायची वाट बघत. पालकसभेला ती उशिरा यायची, ओल्या चपलांनी. त्याचा राग यायचा. हे वगळलं तर उरते ती गल्लीची आई. घरातल्यांना तिच्यात आपली आई ओळखू येत नाही. तक्रारीचा सूर नको, नुसतं घडलं तसं ठेवा.

शोकसभेत वाचायचं असेल तर पाचशे शब्दांच्या वर जाऊ नका. सावकाश वाचलं तर तेवढ्याला पाच मिनिटं लागतात, आणि मध्ये घसा दाटतोच. ओळी मोठ्या अक्षरांत छापा, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात ठेवा, तुम्ही थांबलात तर त्यानं पुढे वाचावं. मोठा लेख वेगळा लिहा, त्याला घाई नाही.

स्मारक म्हणून बाक, पाटी, झाड वगैरे सुचवणारे येतील. जरूर करा, पण लेखी परवानगी घ्या, आणि पाच वर्षांनी त्या बाकाची फळी निघाली तर बसवणार कोण हे आधीच ठरवा. दरवर्षी आठवण ठेवायला दिवस हवा असेल तर ५ डिसेंबर आहे, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवलेला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. मला मात्र तिच्या वहीतली तारीख बरी वाटते: ज्या दिवशी एखादं काम खरोखर झालं, ती.

आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात जे रिकामं राहिलं, त्यातला एखादा अर्ज निवडा. सगळे घ्यायला जाऊ नका, एकही होणार नाही. जुन्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख देऊन नवं पत्र लिहा, मूळ अर्जदार हयात नाहीत असं एका ओळीत कळवा, पुढच्या पत्रव्यवहारासाठी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर द्या. सोबत तिच्या अर्जाची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत घरीच ठेवा. पोहोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.