इनर व्हीलमध्ये जायचंय? आधी हे बघा, आणि कमिटीत घेतलं तर हे करा

इनर व्हील या बायकांच्या सेवा क्लबमध्ये ये म्हणून कुणी विचारलं की आपल्याकडे पहिले दोन प्रश्न ठरलेले, फी किती आणि साडी कुठली. विचारा की, त्यात काही चूक नाही. पण हो म्हणायच्या आधी एक-दोन मीटिंगना पाहुणी म्हणून जाऊन मागे बसून या. मागच्या मीटिंगचे मिनिट्स वाचतात का, ट्रेझरर हिशोब सांगते का आणि त्यावर कुणी प्रश्न विचारला तर बाकीच्यांचे चेहरे कसे होतात, एवढं बघितलं तरी क्लब कळतो. दोन तासांतला दीड तास सत्कार आणि बुके चालू असेल तर दुसरा क्लब बघा, मोठ्या शहरात चिक्कार आहेत.

"आमचे हे रोटरीत नाहीत, मग मला घेतील का?" हे तर हमखास विचारलं जातं. इनर व्हीलची सुरुवात रोटेरियन्सच्या, म्हणजे रोटरी क्लबच्या सभासदांच्या, बायकांनी केली, मँचेस्टरला, 10 जानेवारी 1924 ला, मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकाराने, आणि पुढे कितीतरी वर्षं रोटरीच्या घरातल्या बायकांनाच सभासद होता यायचं. आता तसं नाही. क्लबने बोलावलं आणि बहुसंख्य सभासदांची संमती असली की रोटरीशी काही नातं नसलेली बाईही येऊ शकते. म्हणजे ओळखीच्या एखाद्या मेंबरला सांगून ठेवा, ती तुमचं नाव पुढे करेल.

पैशांचं मात्र स्पष्ट विचारून घ्या, लाजू नका. वार्षिक वर्गणीतला काही भाग डिस्ट्रिक्टला (म्हणजे इनर व्हीलच्याच, बऱ्याच क्लबांच्या वरच्या संघटनेला) आणि त्याच्याही वर जातो, तो चुकत नाही. पण त्याशिवाय जेवणाचं काँट्रिब्युशन, ड्रेस कोडची साडी, डिस्ट्रिक्टच्या कार्यक्रमांचं रजिस्ट्रेशन आणि गाडीभाडं, हे सगळं धरून वर्षाला किती जातात ते प्रेसिडेंटला नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मेंबरला विचारा, ती खरा आकडा सांगेल.

क्लबचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. पहिल्या वर्षी कुठलंही पद घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. नुसतं प्रोजेक्टला जा, खुर्च्या लावा, नावं लिहून घ्या, कोण बोलते आणि कोण खरंच राबते ते तिथे समजतं. नंतर घ्यायचंच तर एडिटर किंवा आयएसओपासून सुरुवात करा. एडिटर म्हणजे बुलेटिन, आणि आयएसओ म्हणजे परदेशातल्या क्लबांशी संपर्क ठेवणारी, हे पद बऱ्याच ठिकाणी शोभेचं करून टाकलंय पण इंग्रजी ईमेल लिहायचा कंटाळा नसेल तर मजा येते.

सेक्रेटरी झालात तर एकच सवय लावून घ्या, ठराव मीटिंगमध्येच लिहायचा आणि तिथेच वाचून दाखवायचा. कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, रक्कम किती, काम कुणाकडे आणि कधीपर्यंत. घरी जाऊन आठवून लिहू म्हटलं की पुढच्या मीटिंगला "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू झालंच म्हणून समजा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बारा अंगठे आले म्हणजे ठराव पास झाला असं होत नाही हो. ग्रुपवर चर्चा करा, निर्णय मीटिंगमध्ये घ्या.

ट्रेझररचं काम सगळ्यात नाजूक. क्लब चालवायचे पैसे वेगळे आणि सेवेसाठी लोकांकडून गोळा केलेले पैसे वेगळे, खाती दोन ठेवा. शाळेच्या बेंचसाठी आलेल्या देणगीतून इन्स्टॉलेशनचं, म्हणजे नव्या कमिटीच्या पदग्रहणाचं, जेवण झालं तर रक्कम छोटी असली तरी ते चूकच, मग नंतर परत टाकू असं कुणी कितीही म्हणो. सह्या दोघींच्या हव्यात, आणि वर्गणी स्वतःच्या जीपेवर घेऊ नका, सोपं वाटतं पण मार्चपर्यंत घरचा किराणा कुठला आणि क्लबचे पैसे कुठले ते वेगळं करताना डोकं उठतं. देणगीदाराने 80जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली तर क्लबची किंवा क्लबच्या ट्रस्टची तशी नोंदणी आहे का ते आधी बघा मगच हो म्हणा, आणि 2000 रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ती सवलत मिळत नाही हेही सांगून टाका.

प्रोजेक्ट ठरवताना आधी जिथे द्यायचं तिथे फोन करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत दप्तरं आधीच तीन संस्थांनी दिलेली असतात आणि मुलींच्या टॉयलेटला दार नसतं. मुख्याध्यापक समारंभात बोलणार नाहीत, अंगणवाडीच्या ताई तर नाहीच नाही, त्यांना निवांत चहाच्या वेळी विचारावं लागतं. सॅनिटरी पॅडचं मशीन बसवणार असाल तर त्यात पुढच्या वर्षी पॅड कोण भरणार ते लिहून घ्या.

जानेवारीत 10 तारखेचा इनर व्हील डे आणि लगेच संक्रांतीचं हळदीकुंकू येतं, बरेच क्लब दोन्ही एकत्र करतात. करा, पण सगळ्या मेंबर्सना सारखं वाण आणि सारखं बोलावणं. सेवेचा क्लब म्हणायचं आणि नवरा गेलेल्या मैत्रिणीला त्या दिवशी न बोलवता नंतर "अगं विसरले" म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

पास्ट प्रेसिडेंट काकू हा वेगळाच विषय. "आमच्या वेळी" ने सुरू होणारं वाक्य तोडू नका, त्यांना मीटिंगच्या आदल्या दिवशी फोन करून काय मांडणार आहोत ते सांगून ठेवा. मीटिंगमध्ये ज्या विरोध करणार असतात त्याच बऱ्याचदा हॉल फुकट मिळवून देतात.

हँडओव्हरची तयारी मेमध्येच सुरू करा. बँकेत सह्या बदलायला ठरावाची प्रत, केवायसी, फोटो, आणि दोन्ही जुन्या सह्यावाल्या गावात असणं, एवढं सगळं लागतं, आणि जूनमध्ये त्यातली एक हमखास मुलीकडे अमेरिकेला गेलेली असते. प्रेसिडेंटच्या गळ्यातली कॉलर, बॅनर, बेल, मेंबर्सची यादी, क्लबच्या ईमेलचा पासवर्ड, सगळं लिहून सही घेऊन द्या.