पावसाळ्यात साठवलेला हरभरा: खोलीची दारं कधी उघडावीत?

भाव येईल म्हणून हरभरा, तूर घरात ठेवलेल्यांनी सध्या गळक्या पत्र्याइतकंच हवेकडे लक्ष द्यावं. थेंबभर पाणी न गळताही थप्पी सादळते. झडीच्या दिवसांत ‘हवा लागू दे’ म्हणून साठवणीच्या खोलीची दारं-खिडक्या सताड उघडणं, ही मला सर्वांत घातक सवय वाटते.

दाण्याच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. इतक्या अरुंद जागेत पाण्याचा पृष्ठभाग आत वळलेला राहतो आणि त्यातून वाफ कमी सुटते. त्यामुळे हवा पूर्ण संपृक्त, म्हणजे वाफेने काठोकाठ भरलेली, नसतानाही तिथे वाफेचं पाणी होतं. सापेक्ष आर्द्रता (हवेत मावेल तेवढ्या वाफेपैकी प्रत्यक्ष असलेला हिस्सा) 90 टक्के असली, की मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या त्रिज्येच्या पोकळ्याही भरतात. शिवाय दाण्यातला स्टार्च आणि प्रथिनं पाणी धरून ठेवतात ते वेगळंच. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता सुटते. थप्पीच्या मध्यातून ती लवकर बाहेर पडत नाही. पुढे बुरशी आणि भुंगे वाढले, की त्यांच्या श्वसनाने ऊब आणि ओल दोन्ही वाढतात. आत शिरलेला ओलावा सहजी निघतही नाही, म्हणून तो शिरूच न देणं स्वस्त पडतं.

झड असेपर्यंत खोली बंद ठेवा. चांगली उघडीप मिळून कोरडं ऊन पडलं, तरच दुपारी दारं उघडा आणि ऊन कलण्याआधी लावून घ्या. पोती लाकडी फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब. गार फरशीला टेकलेल्या पोत्याचा तळ आधी खराब होतो. धान्य उन्हात घातलंत, तर पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं, तर त्यातली वाफ पोत्याच्या थंड कडेला जाऊन जमते.

तपासणीसाठी काचेची कोरडी बाटली घ्या. एक तृतीयांश दाणे आणि तव्यावर भाजून गार केलेलं दोन चमचे मीठ त्यात घाला, झाकण लावून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. बाटलीतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली, की मिठाला पाणी सुटतं. मीठ काचेला चिकटलं, तर धान्य नक्की ओलं आहे. नाही चिकटलं, तरी निर्धास्त होऊ नका: कडधान्य दीर्घकाळ ठेवायला दाण्यातला ओलावा वजनाच्या 9 ते 10 टक्केच हवा आणि मीठ तेवढ्या बारकाईने सांगत नाही. त्यासाठी बाजारात ओलावामापकावर नमुना तपासून घ्या. नमुना थप्पीच्या मधल्या आणि तळच्या पोत्यातून काढा. हवाबंद थैल्या वापरणार असाल, तर भरण्याआधीच ही तपासणी करा.