बाईकवरून स्पोर्ट्स कारमध्ये येताना: घाटात नडणाऱ्या सवयी

वळणाच्या मध्यात अंदाज चुकला तर थ्रॉटल फटकन सोडायचा नाही, हे जुन्या बाईकवाल्याच्या मनगटात मुरलेलं असतं. आणि ते बरोबरच आहे. झुकलेल्या बाईकचा थ्रॉटल तोडला की वजन पुढच्या चाकावर येतं, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबतो आणि बाईक डळमळते. त्यात घाबरून पुढचा ब्रेक आवळला तर ती उभी राहून वळणाबाहेर पळते. म्हणून चांगला रायडर थ्रॉटल धरून ठेवतो, जरा वाढवतो आणि आणखी झुकतो.

हाच माणूस आय-ट्वेंटी एन लाइन किंवा गोल्फ जीटीआयसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बसून ताम्हिणी घाटात हेच करतो आणि गाडी कठड्याकडे सरकायला लागते. या गाड्यांत वळवणं आणि ओढणं ही दोन्ही कामं पुढच्या दोन टायरांकडे असतात. टायर आधीच वळवण्यात गुंतलेले असताना रेस दिली की वजन मागे जातं, नाक हलकं होतं आणि गाडी रुंद जाते. मग दुसरी चूक होते ती हातांची. गाडी वळत नाही म्हणून स्टिअरिंग आणखी फिरवलं जातं. पण टायर घसरायला लागल्यावर जास्त फिरवलेलं चाक रस्त्यावर फक्त घासतं. स्टिअरिंग अचानक हलकं लागायला लागलं तर समजा, पुढच्या टायरांची पकड संपत आली आहे.

अशा वेळी रेस थोडी कमी करायची, एकदम शून्य करायची नाही. फिरवलेलं स्टिअरिंग जरासं सोडायचं आणि अर्धा सेकंद थांबायचं. वजन पुढे येतं, टायर पुन्हा धरतात, नाक आत वळतं. तो अर्धा सेकंद फार लांब वाटतो, कारण ताशी ६० च्या वेगाला त्यात आठ मीटरहून जास्त रस्ता जातो. त्यामुळे हा उपाय वळणात शिरताना थोडा वेग राखून ठेवलेल्यांनाच कामाला येतो. समोर दगड किंवा म्हैस असेल तर हे काहीच करत बसायचं नाही. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायचा आणि मोकळ्या जागेकडे बघत वळवायचं, बाकीचं एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) बघतात. ईएससी बंद करायचं बटण सार्वजनिक रस्त्यावर विसरून जा.

इंजिन मध्यभागी असलेली पोर्शे ७१८ केमन किंवा बॉक्सस्टर असेल तर धोका उलट्या दिशेने येतो. वळणात घाबरून पाय पूर्ण उचलला की वजन पुढे धावतं, मागचे टायर हलके होतात आणि शेपूट बाहेर यायला लागतं. म्हणजे एका गाडीत रेस दिल्याने बिघडतं आणि दुसरीत झटक्याने सोडल्याने. दोन्हीकडे चालतं ते एकच: वेगाचा हिशेब वळणाआधी सरळ रस्त्यावर करा आणि वळणात पाय हळू हलवा. शेपूट सुटलंच तर नजर बाहेर पडायच्या दिशेला ठेवा. हात नजरेमागे जातात, ही बाईकवरची शिकवण गाडीतही जशीच्या तशी उपयोगी पडते.

ताकदीचं गणित चुकीच्या जागी मांडणं

केटीएम ३९० ड्यूक या बाईकची ताकद ४६ पीएस (अश्वशक्ती) आणि वजन १६८ किलो. ७५ किलोचा रायडर धरला तर टनामागे साधारण १९० पीएस होतात. जीटीआय २६५ पीएसची, पण वजन साडेचौदाशे किलोंच्या आसपास. चालक धरून टनामागे जेमतेम १७५. पन्नास लाखांच्या वरची गाडी तीन लाखांच्या बाईकसमोर कागदावर मागे पडते. ट्रायम्फची स्ट्रीट ट्रिपल आरएस ही बाईक चालवणाऱ्याला तर जीटीआय थंडच वाटणार. टर्बोमुळे पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंत क्षणभर जातो, तो वेगळाच.

अशी निराशा झालेले लोक पहिल्याच महिन्यात ईसीयू रीमॅप करून घेतात, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतात. त्याची घाई नको. गाडीची मजा सरळ रस्त्यावरच्या उडीत नाही, ती ब्रेक मारण्यात आणि वळणातून निघण्यात आहे, आणि तिथे तुमचे पाय अजून कच्चे आहेत. टर्बोच्या दिरंगाईवर उपाय आहे: वळणाच्या आधी योग्य गिअर लावून आरपीएम २,५०० च्या वर ठेवा आणि स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की पाय हळूहळू दाबत न्या. एकदम दाबलात तर जोर उशिरा येतो आणि नको तिथे येतो.

ब्रेक: पाय आणि उष्णता

बाईकवर खरं ब्रेकिंग उजव्या हाताच्या दोन बोटांनी होतं आणि उजवा पाय मागच्या ब्रेकला हलकेच लागतो. गाडीत त्याच पायावर सगळा भार येतो. त्यामुळे नवखे लोक ब्रेक हळू सुरू करतात आणि वळण जवळ आलं की घाबरून वाढवतात. गाडीला उलट क्रम हवा: सुरुवातीला ठाम आणि वळणाकडे जाताना कमी कमी. टाच जमिनीवर टेकवून पायाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला तर हे जमतं. रायडिंग बूट घालून जमत नाही, कारण जाड तळव्यातून पेडल कळतच नाही. पातळ, सपाट तळव्याचे बूट घाला.

आता उष्णता. ताशी १०० ला रायडरसह ड्यूक आणि चालकासह जीटीआय यांच्यातल्या ऊर्जेत सहापट फरक असतो. ती सगळी डिस्कमध्ये उष्णता होऊन शिरते. घाट चढताना हे जाणवत नाही, उतरताना जाणवतं. बाईकचं चढ्या आरपीएमवर फिरणारं इंजिन हलक्या वजनाला चांगलं धरून ठेवतं. एक लिटरच्या टर्बो इंजिनाला बाराशे किलो धरवत नाहीत. म्हणून उतारावर ज्या गिअरने तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल वापरून गिअर तिथेच ठेवा, डी मध्ये टाकून मोकळे होऊ नका.

ब्रेकचं पेडल काय सांगतंय ते ओळखा. पेडल स्पंजासारखं मऊ झालं आणि नेहमीपेक्षा खोल जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापले आहेत. दोन्ही वेळा खालचा गिअर लावा, वेग कमी करा, मागच्यांना जाऊ द्या. एकदम थांबून ब्रेक दाबून ठेवू नका. तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी चिकटून थर सोडतो आणि पुढच्या आठवड्यात ८० च्या वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. मग मेकॅनिक ‘डिस्क वाकली’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर आरामात चालवून डिस्क थंड होऊ द्या. लगेच थांबावंच लागलं तर सपाट जागी गिअरमध्ये उभी करा आणि चाकाला दगड लावा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलच्या किमान मर्यादा बघा: नवं असताना उकळणबिंदू २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलायचंच, ट्रॅकवर जाणार असाल तर त्याआधी. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाच्या शब्दावर न जाता पहिल्याच सर्व्हिसला बदला. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा ८० वरून २० पर्यंत वेग उतरवा, मध्ये पूर्ण थांबू नका, मग ब्रेक न वापरता थोडं चालवून थंड करा. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

रस्ता तेवढाच, गाडी दुप्पट रुंद

दोन पदरी रस्ता सात मीटरचा, म्हणजे तुमच्या वाट्याला साडेतीन मीटर. बाईकचं हँडल ८० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून आपल्या लेनमध्येच बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी रेषा घ्यायला पावणेतीन मीटर उरतात. गाडी १.८ मीटर, उरले १.७. ती जुनी रेषा आता मधल्या पट्टीपलीकडे जाते. उजव्या वळणावर आतला बिंदू नेमका मधल्या पट्टीवर येतो आणि समोरून एसटी तिची जागा घेऊन येत असते. डाव्या वळणावर आत डोंगराकडचं उघडं गटार असतं, आणि तुम्ही बसलेले असता उजवीकडे, त्यामुळे डावं चाक कुठे आहे याचा अंदाज महिनाभर येत नाही.

रिकाम्या पार्किंगमध्ये जुनी प्लॅस्टिकची बाटली ठेवा आणि डावं पुढचं चाक तिच्यावरून न्या. दहापैकी आठ वेळा बाटली चेपली की डावी बाजू तुम्हाला कळली. शिवाय बाईकवर डोळे दीड मीटर उंचीवर असतात, केमनमध्ये जेमतेम एक-सव्वा मीटरवर. ज्या कठड्यावरून पलीकडची गाडी दिसायची तो आता भिंत आहे. उजव्या हेअरपिनवर विंडस्क्रीनच्या बाजूचा खांब समोरचा ट्रक अख्खा झाकतो. मान पुढे-मागे हलवून बघा. अरुंद घाटात वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम गाडीत बसल्यावर तुमच्यावरही तितकाच येतो. बाईकवर कडेने निसटता यायचं.

वाऱ्याचा मार नसल्यामुळे वेगही फसवतो. काचा बंद असताना ८० हे ५० सारखं वाटतं. पहिले काही महिने प्रत्येक मोठ्या वळणाआधी काट्याकडे बघायची सवय लावा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी असल्याने अनेक बाईकवाले तिथे पहिल्यांदा गाडी घेऊनच जातात आणि बोरघाटातल्या कॅमेऱ्यांचं चलन घेऊन परततात.

क्लच आणि गिअर

बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून वाहतुकीत हाफ क्लचवर तासभर चालवली तरी तो सोसतो. गाडीची क्लच प्लेट कोरडी असते. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरली तर पाच मिनिटांत वास येतो. थांबायचं असेल तर हँडब्रेक लावा. काही ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्येही प्लेटा कोरड्याच असतात, त्यामुळे चढावर रेस देऊन गाडी तोलायची नाही, ब्रेक धरायचा. चालवताना डावा पाय क्लचवर न ठेवता डेड पेडलवर, म्हणजे क्लचच्या डावीकडच्या पाय टेकवायच्या जागेवर ठेवा. वळणात अंग धरायलाही तो तिथेच लागतो.

बाईकचे गिअर एकेक करूनच उतरतात. गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसऱ्यात गेलात तर चाकं इंजिनाला लाल रेषेपलीकडे फिरवतात आणि रेव्ह लिमिटर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) ते थांबवू शकत नाही. मूठ आवळून गिअर ओढू नका. तळहाताने ढकला, गेट (गिअरच्या दांडीची खाच) स्वतः वाट दाखवतं.

टायर, हवा, बसणं

कमी हवा म्हणजे जास्त पकड, ही ट्रॅकवरच्या बाईकची समजूत गाडीत आणू नका. हवा कमी झाली की टायरची बाजू दुमडते. टायर थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. मग टायरच्या खांद्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूने रेघ मारा आणि एक घाट करून या. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण छापलेला असतो. रेघ त्रिकोणाच्याही खाली पुसली गेली असेल तर त्या टायरला २ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढवा. गरम टायरमध्ये आकडा चार-पाचने वाढतोच, तो बघून हवा सोडू नका. नायट्रोजनचे पैसे वाचवून त्यात चांगला गेज घ्या.

कमी चाललेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर दिसायला नवे आणि वयाने म्हातारे असतात. बाजूवर चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही खोल असो, घाटासाठी बदला. पावसाळ्यात आणखी एक उलटापालट होते. बाईकचा अरुंद, गोल टायर पाणी सहज कापतो. २२५ किंवा २४५ मिलिमीटर रुंदीचा टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण ३ च्या खाली आली की पावसात बाहेर काढू नका. चाकं काढून बसवली असतील तर टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बोल्ट पायाने पाना दाबून आवळायचे नसतात.

सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबूनही गुडघा वाकलेला राहील. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. हात नऊ आणि तीनवर. बाईकवर मांड्यांनी टाकी धरून जे कळायचं ते इथे कंबरेतून कळतं, आणि सैल बसलेल्या माणसाला ते कळत नाही. निघण्याआधी पायाशी सुटी पाण्याची बाटली नाही ना, चटईवर दुसरी चटई टाकलेली नाही ना, ते बघा. ब्रेकखाली गेलेल्या बाटलीला एबीएस काही करू शकत नाही.

हे सगळं जोरात करून बघायचं तर शर्यतीचे ट्रॅक आहेत: चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, कोइमतूरचा कारी स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आहे. जाण्याआधी विमा पॉलिसी वाचा: नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, आणि न कळवलेला रीमॅप क्लेमच्या वेळी आड येतो. जुनं बाईकचं हेल्मेट ट्रॅकवर चालेल का, हे आयोजकांना आधी विचारा. कार शर्यतींसाठीच्या स्नेल एसए प्रमाणपत्राच्या हेल्मेटचं अस्तर आग रोखणारं असतं, बाईकच्या हेल्मेटला ती अट नसते. आणि लायसन्सवर एलएमव्हीची (हलक्या मोटार वाहनाची) नोंद आहे ना ते बघा. फक्त गिअरच्या दुचाकीचं लायसन्स असेल तर गाडीसाठी वेगळी टेस्ट द्यावी लागते.