इंग्लंडमधल्या छोट्या संगीत महोत्सवात वडापावचा स्टॉल: या चुका टाळा

उन्हाळा आला की इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत, कुणाच्या तरी शेतावर छोटे संगीत महोत्सव भरतात. तिथे वडापाव विकायची हौस आपल्यापैकी अनेकांना असते. हातचा वडा उत्तम असूनही रविवारी रात्री गल्ला मोजताना चेहरा पडतो, कारण घोळ बहुतेक वेळा चवीत नसतो, अर्ज भरतानाच झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आयोजकाने सांगितलेला गर्दीचा आकडा तसाच धरणं. महोत्सव कुठल्या परवान्यावर चालणार, हे आधी विचारा. टेम्पररी इव्हेंट नोटिसीवर, म्हणजे कौन्सिलला सूचना देऊन मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर असेल, तर एका वेळी ४९९ पेक्षा जास्त माणसं आवारात असता कामा नयेत. त्यात गाणारे-वाजवणारे, स्वयंसेवक आणि तुम्ही स्वतःही मोजले जाता. मग खाण्याचे स्टॉल किती, दुसरं कुणी भारतीय जेवण विकतंय का आणि लोकांना तंबूपाशी स्वयंपाक करायची मुभा आहे का, हे विचारा. ही उत्तरं हातात आल्याशिवाय जागेचं भाडं भरू नका. ठरलेलं भाडं आणि विक्रीतली टक्केवारी असे दोन पर्याय असतील, तर नव्या माणसाने पहिल्या वर्षी टक्केवारीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

कागदपत्रांत नवखे हमखास अडकतात. खाद्यव्यवसायाची नोंदणी फुकट असते, पण धंदा सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी ती स्थानिक कौन्सिलकडे (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था) करावी लागते. पब्लिक लायबिलिटी विमा (तुमच्यामुळे लोकांना इजा किंवा नुकसान झालं तर भरपाईसाठी) आणि शेगड्यांचं गॅस सेफ, म्हणजे गॅसकामाच्या अधिकृत नोंदणीतल्या, इंजिनिअरकडून घेतलेलं प्रमाणपत्र आयोजक मागतातच. पगारी मदतनीस घेतलात, तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (मदतनिसाला कामावर इजा झाली तर भरपाईसाठी) कायद्यानेच लागतो.

आता कढईपाशी येऊ. गर्दी दिवसभर सारखी नसते. बँड वाजत असतो तेव्हा स्टॉलवर चिटपाखरू नसतं आणि तो थांबला की पाच मिनिटांत रांग लागते. रांग बघून हात घाई करतो, एका घाण्यात दुप्पट वडे पडतात, तेल थंडावतं, आवरण तेल पितं आणि सारण कोमटच राहतं. म्हणून कार्यक्रमाचं वेळापत्रक कढईशेजारी चिकटवा आणि बँड संपायच्या दहा मिनिटं आधी घाणा सोडा. तयार वडे ६३ अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचे असतात. त्याखाली ठेवायची सवलत एकदाच आणि तीही दोन तासांपुरती. मिसळ, पावभाजी, भजी असा लांबलचक मेनू करण्याचा मोह टाळा. वडापाव आणि चहा एवढ्यावर दोन माणसं रांग सांभाळू शकतात.

‘सगळं व्हेज आहे’ म्हणून ॲलर्जीच्या प्रश्नातून सुटका होत नाही. इथल्या कायद्यातल्या १४ ॲलर्जी-घटकांत मोहरी आहे, म्हणजे आपली फोडणीच त्यात आली. सुक्या चटणीत शेंगदाणे आणि तीळ, पावात गहू. आणि सहज निसटणारी गोष्ट म्हणजे डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ‘वडा बेसनाचा, तुम्हाला चालेल’ असं सांगून ग्लूटेन न चालणाऱ्याला नुसता वडा देणं धोक्याचं आहे. डबीवरचं लेबल वाचा आणि १४ घटकांचा तक्ता भरून स्टॉलवर ठेवा. चटणीच्या पुड्या आधीच बांधून विकणार असाल, तर ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक पुडीवर घटकांची पूर्ण यादी लागते.

ऐन गर्दीत ज्योत बारीक झाली आणि सिलिंडरवर बर्फाचा थर दिसला, तर गॅस संपला असं समजू नका. छोट्या सिलिंडरमधून फार वेगाने गॅस ओढला की आतला द्रव थंड पडतो आणि वाफ पुरेशी बनत नाही. सिलिंडर तापवायचा प्रयत्न चुकूनही करू नका. एक शेगडी बंद करा आणि पुढच्या वेळी लाल रंगाचे मोठे प्रोपेनचे सिलिंडर जोडीने लावा. तळणीसाठी एफ क्लासचं वेट केमिकल अग्निशामक हवं. पेटत्या तेलावर पाणी कधीच नाही.

वीज सारखी जात असेल, तर आधी किटल्या मोजा. १६ अँपिअरच्या निळ्या प्लगवर साधारण साडेतीन किलोवॉट मिळतात. एक किटलीच तीन खाते. चहाचं पाणी गॅसवर तापवा.

गझीबोच्या (स्टॉलवरच्या घडीच्या मांडवाच्या) चारही पायांना वजनं बांधा, आकाश निरभ्र असलं तरी. पावसात छतावर पाणी साचायला लागलं, की आतून झाडूच्या दांड्याने ढकलून काढत राहा, नाहीतर सांगाडा वाकतो. गर्दी जमली की मोबाईलचं नेटवर्क कोलमडतं, म्हणून कार्ड मशीनचा ऑफलाइन पर्याय घरीच तपासून घ्या आणि सुटे पैसे सोबत ठेवा. थर्माकोलचे डबे आणि प्लास्टिकचे चमचे इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहेत.

शेवटचा बँड उशिरा असेल, तर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात गरम खाणं किंवा चहा विकायला वेगळा परवाना लागतो. आयोजकाच्या परवान्यात तो धरला आहे का, हे महिनाभर आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.