आतड्याची सोनोग्राफी शिकताना: सुरुवात उजव्या ओटीपोटापासून

‘आतड्यात गॅस असतो, तिथं काही दिसत नाही’ असं मनाशी धरूनच बरेच नवे रेसिडेंट डॉक्टर प्रोब (सोनोग्राफीत पोटावर फिरवायचं उपकरण) हातात घेतात. आतडं दिसतं. फक्त दाब द्यायला शिकावं लागतं.

उपाशीपोटीचा हट्ट किती धरायचा? नेहमीच्या तपासणीला चार-सहा तास पोट रिकामं असलेलं बरं. पण गगनबावड्याहून पोट धरून आलेल्या माणसाला ‘चहा घेतलाय, उद्या या’ म्हणून परत पाठवू नका. अचानक उठलेल्या दुखण्यात उपाशी असण्याची वाट बघायची नसते.

आधी कर्व्ह (गोलसर तोंडाच्या) प्रोबनं सगळं पोट बघून घ्या, मग ७ ते १२ मेगाहर्ट्‌झचा लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब घ्या. “आज्जी, जिथं जास्त दुखतंय तिथं एकच बोट ठेवा,” असं सांगा. निम्मं काम तिथंच होतं.

अपेंडिक्स थेट शोधू नका. उजव्या कुशीत चढतं मोठं आतडं धरा आणि खाली सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीपर्यंत, या. सोआस (कण्यालगतचा) स्नायू आणि इलियाक (पायाकडे जाणाऱ्या) रक्तवाहिन्यांवरून आडवं येणारं, हालचाल करणारं लहान आतडं म्हणजे टर्मिनल इलियम, लहान आतड्याचा शेवटचा भाग. त्याच्या जोडाखाली सीकममधून निघणारी, एका टोकाला बंद आणि हालचाल नसलेली नळी ती अपेंडिक्स. पेशंट श्वास सोडतो तेव्हा थोडाथोडा दाब वाढवा. सोआस आणि वाहिन्या स्वच्छ दिसल्या की दाब पुरेसा झाला. हात झटकन उचलू नका, त्यानं कळ जास्त येते. नळी सीकमच्या मागं दडली असेल तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवा.

व्यास ६ मिलिमीटरपेक्षा जास्त, दाबली न जाणारी नळी आणि भोवतीची चरबी पांढरट झालेली, हे तिन्ही एकत्र बघा. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, मळ किंवा गॅस भरलेली निरोगी अपेंडिक्सही ६ च्या वर जाते. टोकापर्यंत पोचल्याशिवाय ‘नॉर्मल’ लिहू नका. कधीकधी सूज फक्त टोकालाच असते. अपेंडिक्स सापडलीच नाही तर ‘दिसली नाही’ असंच लिहा.

आतड्याच्या भिंतीची जाडी ३ मिलिमीटरच्या वर गेली की थांबा. प्रोब तिरका असेल किंवा आतडं आकसलं असेल तर भिंत उगाच जाड दिसते. आतड्याच्या हालचालीची एक लाट जाऊ द्या आणि आडव्या छेदात पुन्हा मोजा. सीकम आणि टर्मिनल इलियम जाड, जवळ मोठ्या लसिका गाठी (लिम्फ नोड), पोटात पडद्यांची जाळी असलेलं पाणी असं दिसलं तर टीबीचा विचार आधी करा. क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळ सुजेचा आजार) हाही असाच दिसू शकतो; निवाडा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) आणि बायोप्सीच करते, ते रिपोर्टमध्ये सुचवा.